उजवा खांदा

"मॅडम, खांदा दाखवा एकदा कुणाला तरी," पलंगावरची चादर बदलत पुष्पामावशी म्हणाल्या. "पेशंटवर वाकून वाकून तुम्ही एका अंगाला कलंडलात."

"दुसऱ्या कुणाला कशाला? सोनोग्राफीचं मशीन माझ्याच समोर आहे," मी म्हणाले. सकाळपासून एकवीस पेशंट झाले होते. मावशी दार लोटून जेवायला गेल्या.

दुखणं विचित्र होतं. कुणीतरी मागे उभं राहून, माझ्या उजव्या खांद्यावर हनुवटी टेकवून स्क्रीन बघतंय, तसा भार. फिजिओथेरपिस्टनं सांगितलं म्हणून स्टूल उंच केलं, कोपर अंगाशी ठेवायला शिकले. भार जागचा हलला नाही.

मी खांद्यावर जेल लावलं आणि डाव्या हातानं प्रोब फिरवला. स्क्रीनवर सगळं नॉर्मल. सूज नाही, पाणी नाही. माझं डोकंच फिरलं. प्रोब आणखी दाबला आणि पंधरा वर्षांच्या सवयीनं तोंडातून निघून गेलं, "श्वास घ्या. रोखा."

माझं मलाच हसू आलं. खांदा तपासताना श्वास कशाला रोखायचा?

आणि खोली एकदम शांत झाली. एसी चालू होता, मशीनचा पंखाही चालू होता. माझ्या उजव्या कानाशी चाललेला कुणाचातरी श्वास मात्र थांबला होता. थांबला, तेव्हाच कळलं की इतकी वर्षं तो तिथे होता.

पेशंटला ताटकळत ठेवायचं नसतं, लगेच "सोडा" म्हणायचं असतं. माझी हिंमत होईना.

खांद्यावरची हनुवटी वाट बघत होती.