हैबतीच्या हॉटेलातल्या सात वाड्या

"यापुढे या तालुक्यातली एकही वाडी हरवणार नाही," साहेब संगणकाच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले. "कशेडी घाटाच्या पायथ्यापासून डोंगरावरच्या शेवटच्या घरापर्यंत सगळं या पेटीत आहे." मग मान वळवून त्यांनी सुशांतला विचारलं, "संडासाची किल्ली कुणी नेली रे?"

किल्ली सापडली नाही. साहेब पाय जुळवून खुर्चीत बसले.

दोन हजार चारचा मे महिना होता. पाणीटंचाईच्या कामाला म्हणून नकाशाची सीडी आली होती आणि ती चालवायला सुशांत. टँकर कुठं जाणार हे आता कुणी हातानं लिहायचं नव्हतं. नकाशा दाखवील ती वाट, नकाशा सांगेल ते अंतर, आणि छापून आलेल्या कागदाखाली सुशांतची सही.

दारात गणू येऊन उभा राहिला. टेपावरच्या, म्हणजे वरच्या टेकाडावरच्या बौद्धवाडीचा, साठी ओलांडलेला, गुडघ्यापर्यंत लाल धूळ.

"साहेब, आठ दिस झालं, वाडीवर टँकर नाय."

"रोज येतोय की. सुशांत, दाखव काकांना."

सुशांतनं कागद काढले. आठ दिवस, आठ खेपा, टेपावरची बौद्धवाडी. आठांवरही त्याचीच सही. त्यानं नकाशा उघडला. घाटाखालच्या वळणावर नावांचा एक काळा गोळा दिसत होता, गुळावर माशा बसाव्यात तसा.

सीडीबरोबर एक पुस्तिका होती, 'नेहमीच्या अडचणी व उपाय'. अडचण तिसरी: नावे एकमेकांवर दिसणे. सुशांतनं उपाय मोठ्यानं वाचला, "जवळ जाऊन पाहावे."

"मी पन तेच सांगाया आलोय," गणू म्हणाला. "जवळ येऊन बघा."

सुशांतनं कळ दाबली. गोळा फुटला. आतून सात वाड्या निघाल्या आणि सातही एकाच ठिपक्यावर बसल्या होत्या.

"हे तर हैबतीचं हाटेल," गणूनं ओळखलं. "या वळनावर दुसरं हाय काय?"

"बंद करून परत चालू कर," साहेब म्हणाले. पुस्तिकेतही हा उपाय पहिलाच होता. सुशांतनं बंद केला, तेवढ्यात वीजच गेली. अर्ध्या तासानं आली तेव्हाही सातही वाड्या हॉटेलातच होत्या.

"आता ध्यानात आलं," गणू म्हणाला. "थंडीत जीपमधनं एक मानूस आलेला, हातात यंत्र. त्यानं वरचा चढ बघितला आन् भजी मागवली. म्हनला, दर वाडीचा एकेक जण खाली बोलवा. आमच्यातनं मीच गेलो, धुतलेला शर्ट घालून. त्यानं नाव इचारलं, यंत्राची कळ दाबली आन् म्हनला, काका, आलात नकाशावर."

साहेब लोक आले की आपण खाली उतरायचं, ही वाडीची रीतच. ती पाळली म्हणून गणूला बोल कसा लावणार?

टँकरवाल्या सईदला व्हरांड्यातून आत बोलावलं.

"मला वाडी ठाऊक नाय होय साहेब? पंधरा वर्षं वर जातोय. पण कागदावर अंतर हॉटेलपर्यंत, डिझेल तेवढंच. हैबतीच्या टाकीत सोडतो आणि त्याची सही घेतो. वर नेला, तर माझीच खेप खोटी ठरते."

सुशांतनं माऊसनं तो ठिपका धरला. चढणीवरून ओढत ओढत वर नेला आणि वाडी जिथं होती तिथं अलगद सोडला. पडद्यावर इंग्रजीत एक वाक्य आलं, हा बदल तुम्हाला करता येणार नाही. ठिपका पुन्हा हॉटेलात जाऊन बसला.

पुस्तिकेचं शेवटचं पान: नकाशात चूक आढळल्यास कंपनीस अर्ज करावा, दोन महिन्यांत दुरुस्ती होईल. साहेबांनी बोटांवर महिने मोजले. "म्हणजे जुलै. जुलैत तर वाडीवर पाणीच पाणी! मिटलं की."

"तोवर मी हातानं लिहून देऊ का साहेब?" सुशांत म्हणाला. "वाडीपर्यंत, एवढाच शब्द."

"हातचं चालत नाही." साहेबांनी आवाज खाली आणला. "आणि तुझी नोकरी नवी आहे. तोवर बायकांनी नकाशाप्रमाणे खाली येऊन भरावं."

"येतातच," गणू म्हणाला. "उतराया एक तास, हंडा घेऊन चढाया दोन. माझी सून परवा चढनीतच बसली. सातवा लागलाय तिला."

सुशांतनं खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं, पुन्हा लावलं.

गणू पडद्याजवळ सरकला. त्या ठिपक्यावर त्यानं हळूच बोट टेकवलं.

"म्हंजे ही आमची वाडीच, नाय का?"

"नकाशाप्रमाणे," साहेब म्हणाले.

गणूनं मान हलवली. मग तो सुशांतकडे वळला.

"बाळा, मग एक चिठ्ठी तेवढी लिवून दे. हातची चालंल, हैबतीला वाचता येतं. म्हनावं, बायका उन्हातनं येतात, च्या घेत नायत, तरी घटकाभर बाकड्यावर बसू दे."