यंत्राची परीक्षा

मधुमेह घड्याळजींच्या डोळ्यांत उतरला. दृष्टिपटलाचे छायाचित्र पाहून डॉक्टरांच्या यंत्राने दीड वर्षात दृष्टी जाईल असे भाकीत केले. “इंजेक्शनाने डोळे वाचतात ना, डॉक्टर? द्या की!” “काका, घोड्यावर बसून आलात का? मध्येच इंजेक्शन दिलं, तर यंत्र खरं की खोटं, कळायचं कसं?” घड्याळजींना ते पटले; घड्याळ किती मागे पडते हे पाहायचे, तर त्याला आठवडाभर हात लावायचा नसतो, असे तेही गिऱ्हाइकांना जन्मभर ऐकवत आले होते. दर महिन्याला मुकाट यंत्रावर हनुवटी टेकवत राहिले. अठराव्या महिन्यात पडद्यावरचे रक्ताचे डाग भाकिताशी तंतोतंत जुळले आणि दवाखान्यात टाळ्यांचा कडकडाट झाला. “काका, जिंकलो आपण!” आवाजाच्या रोखाने हात जोडत घड्याळजी म्हणाले, “अभिनंदन, डॉक्टर. आता इंजेक्शन द्या.” “आता कशाला, काका? उद्यापासून यायचीसुद्धा तसदी नको.”