दारावरचा फोटो

रुमेनाबाईंच्या कादंबरीतला ओग्न्यान पोलिसांना चुकवून देशाबाहेर पळताना डॅन्यूब नदीत बुडतो. ती गोष्ट आधी रेडिओवर आली, मग सिनेमात, आणि माणसं खुळावली. गावात कुणी वारलं की त्याचा फोटो असलेली शोकपत्रिका घराच्या दारावर लावतात. चाहते दरवर्षी ओग्न्यानच्या बुडण्याच्या तारखेला येऊन त्याची पत्रिका बाईंच्या दारावर लावू लागले.

यंदा खळ घेऊन पुढे झालेली एक चाहती, योआना, थबकली.

"मावशी, इथं आधीच कुणीतरी लावलीय. पण फोटो भलत्याच पोराचा आहे. सिनेमातला ओग्न्यान असा कुठे दिसतो?"

"नाही दिसत."

"आडनावही तुमचंच घातलंय. काढून टाकू?"

बाईंनी फुलं घेऊन उभ्या असलेल्या गर्दीकडे पाहिलं.

"राहू दे. वरूनच चिकटव. तो बुडाला तेव्हा पोलिसांच्या भीतीनं या दाराकडे कुणी फिरकलं नव्हतं."