बुंदीचं भांडण

पहिलं बाळंतपण माहेरी, या रिवाजाप्रमाणे ब्याण्णवच्या उन्हाळ्यात आमचे अण्णा गरोदर सत्यशीलाताईला आणायला जाफराबादला गेले आणि भांडून एकटेच परत आले. व्याह्यांनी लग्नात आमच्या बुंदीला कडक म्हटलं होतं, हे त्यांना दीड वर्षानं आठवलं. एरवी अण्णांनी एसटीच्या कंडक्टरशीसुद्धा कधी वाद घातला नव्हता. मुलीच्या बापानं रुसायची तर आमच्या भागातली ती पहिलीच वेळ असावी.

घरी आई अंथरुणावर होती. निम्मं गाव काविळीनं पिवळं पडलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, "ही पाण्यातून आलेली कावीळ. बाकीचे बरे होतील, पण गरोदर बाई यातून वाचणं अवघड."

"माझं दुखणं तर न्हाई ना सांगितलं?" आईनं विचारलं.

"सांगितलं असतं तर माझ्याआधी इथं पोचली असती."

"लई रडली का?"

"रडली. मंग म्हणली, जन्मात तुमच्या घरचं पाणी प्यायची न्हाई."

आईनं पिवळे डोळे मिटले. कित्येक दिवसांनी तिला शांत झोप लागली.