भिंत आत घेतल्यावर

राहतं घर विकलं होतं. उरलेलं आयुष्य घरासारख्या फिरत्या गाडीतच काढायचं, म्हणून ॲरिझोनातल्या गाडीविक्रीच्या आवारात डेल्मर आणि त्याची बायको वर्ना एका गाडीतली झोपायची खोली नीट पारखत होते. प्रवासात गाडी अरुंद व्हावी म्हणून, बटण दाबलं की बाहेर काढलेली भिंत पलंगासकट आत सरकायची. भिंत आत असतानाही वर्नाला दुखऱ्या गुडघ्यानं पलंगावरून उतरता यायला हवं होतं. विक्रेता ऑफिसात गेला होता.

"तू पड. मी भिंत आत घेतो," खोलीबाहेरून डेल्मर म्हणाला.

"चिरडू नकोस. तुला अंडंही उकडता येत नाही."

भिंत घरघरत आत आली आणि वर्ना दिसेनाशी झाली.

"वाट उरते का गं?"

"भरपूर. हीच घेऊ," ती निवांतपणे म्हणाली. "फक्त माझ्या पायावरचा हात काढ रे, गार लागतोय."

डेल्मरचा एक हात बटणावर होता. दुसऱ्यात तिचे बूट होते.