ग्रिलवाल्या बहिणी

पहिलवानाने धाकटीचा उजवा हात मनगटाशी धरून ऐरणीवर दाबला होता. त्याच्या एका माणसाने तिचे केस मुठीत धरले होते. दुसऱ्याने थोरलीला भिंतीशी रेटलं होतं. वेल्डिंग मशीन उलटं पडलं होतं. रंग वाळायला ठेवलेल्या ग्रिल वाकून वेड्यावाकड्या झाल्या होत्या.

"शेवटचं विचारतो," पहिलवान म्हणाला. "अख्खी गल्ली हप्ता देते. तुम्हा बहिणींना काय सोनं लागलंय?"

"कमावतो आम्ही," थोरली म्हणाली. "तुला का द्यायचं?"

त्याने घण उचलला आणि धाकटीच्या बोटांवर घातला.

वडील गेले तेव्हा ही शेड विकून टाका, असं सगळ्यांनी सांगितलं होतं. बहिणींनी विकली नाही. आधी तुटक्या बिजागऱ्या जोडून दिल्या, मग खिडक्यांच्या ग्रिल, मग एका शाळेच्या सगळ्या खिडक्यांचं काम मिळालं. मापं घेणं, गिऱ्हाइकाशी बोलणं हे थोरलीचं. जोडकाम धाकटीचं. तिने मारलेल्या जोडावरून बोट फिरवलं तरी जोड कुठे आहे ते कळायचं नाही. आणखी दोन बायका कामाला ठेवायचं घाटत होतं. पहिलवानाच्या नजरेत शेड आली ती तेव्हाच.

धाकटी किंचाळली नाही. तिच्या घशातून नुसता श्वास निघाला आणि ती गुडघ्यांवर बसली. पहिलवानाच्या मोटारसायकलचा आवाज आला तशी गल्लीतली शटरं धडाधड खाली आली होती. समोरच्या सुतारकाकांचं अर्ध्यावरच अडकलं होतं. त्याखाली त्यांचे पाय दिसत होते. ते पाय जागचे हलले नाहीत.

थोरलीने आपल्याला रेटणाऱ्या माणसाच्या मनगटाचा दातांनी लचका तोडला. माणूस बोंबलत मागे सरकला. तिने भिंतीला टेकलेली सळई ओढली आणि पहिलवानाच्या कानावर हाणली. त्याच्या हातून घण सुटला. तो तिने दोन्ही हातांनी उचलला आणि त्याच्या गुडघ्यावर घातला. सुकी फळी मोडावी तसा आवाज झाला. दोघं साथीदार ते पाहून पळत सुटले.

"बस," पहिलवान जमिनीवरून म्हणाला. "बस झालं. पुन्हा येणार नाही."

त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. तो खरं बोलत होता, हे तिला दिसत होतं. तिने पाय नीट रोवले, नेम धरला आणि दुसराही गुडघा फोडला.

तो कोपरांवर सरपटत रस्त्यावर आला. ती त्याच्या मागून चालत राहिली. घणाचं डोकं जमिनीवरून खरडत येत होतं. शटरं वीतभर वर झाली.

"पोरी, सोड," सुतारकाका आतूनच म्हणाले. "मरेल तो."

"बाहेर या आणि सोडवा."

कोणी आलं नाही. पहिलवान नाल्याच्या कडेला निपचित पडला, तेव्हा ती वळली. आत येऊन तिने धाकटीचा हात आपल्या ओढणीत गुंडाळला. त्या रक्तामांसातून बोटं वेगळी ओळखू येत नव्हती.

डॉक्टरांनी जखम शिवली आणि स्पष्टच सांगितलं. दोन बोटं गेली. उरलेली मिटणार नाहीत. या हाताने आता जोडकाम होणार नाही.

पोलीस चौकशीला आले. गल्लीत कोणी काहीच पाहिलं नव्हतं. इतकी वर्षं गल्लीने पहिलवानासाठी डोळे मिटले होते, या वेळी थोरलीसाठी मिटले. ती रस्त्याने चालली की लोक बाजूला होत. हातगाडीवाला गाडी मागे घेई. पूर्वी तिच्या हाकेला मान वर न करणारा टायरवाला आता उठून उभा राहू लागला. पहिल्या दिवशी तिला त्याची लाज वाटली. नंतर तो उठायला उशीर करतोय का, हे ती बघू लागली.

शेड पुन्हा उघडली तरी काम नव्हतं. उलटं पडलेलं मशीन आतून जळालं होतं, शाळेचं काम दुसऱ्याकडे गेलं होतं. धाकटी डाव्या हाताने झाडलोट करत होती. एका दुपारी सुतारकाका, टायरवाला आणि प्रेसवाला दाराशी येऊन उभे राहिले. आत या म्हटल्यावरच आत आले. सुतारकाकांनी एक पाकीट ऐरणीवर ठेवलं.

"हे काय?" धाकटीने विचारलं.

सुतारकाकांनी तिच्याकडे पाहिलं नाही. ते थोरलीशी बोलले. कालपर्यंत तिला पोरी म्हणणारा तो म्हातारा माणूस हात जोडल्यासारखे धरून उभा होता.

"ताई, पहिलवान काही आता उठत नाही. पण उद्या त्याच्या जागी दुसरा कोणीतरी येणारच. तुमचं नाव असलं की गल्लीत पाय ठेवायची कोणाची हिंमत होणार नाही. आम्ही त्याला द्यायचो, तेच तुम्हाला देऊ."

"घेऊन जा ते, काका," धाकटी म्हणाली. "आम्ही ग्रिल बनवतो."

थोरलीने बहिणीच्या पट्टी बांधलेल्या हाताकडे पाहिलं. मग जळक्या मशीनकडे. प्रेसवाल्याने घाम पुसला. तो आपल्याला घाबरतोय, हे तिच्या लक्षात आलं. आणि ते तिला आवडलं.

"ताई," धाकटी हळूच म्हणाली.

थोरलीने पाकीट उचललं आणि दारातल्या तिघांवरून एकदा नजर फिरवली.

"कोपऱ्यावरचा बॅटरीवाला का नाही आला?"