ईस्टरची स्टाउट

"पाणी किती तापलंय?" डेरिकने पुढच्या खोलीतून विचारलं.

"बोट घालवत नाही इतकं."

"अगं, मग थर्मामीटर कशाला दिलाय तुला?"

बेरिलने चष्म्यावरची वाफ पुसली, थर्मामीटर पातेल्यात धरला आणि आकडा ओरडून सांगितला.

"ओत आता. गोळे होऊ देऊ नकोस."

सहलीला न्यायच्या निळ्या आइसबॉक्सला डेरिकने खाली तोटी बसवून ठेवली होती. बेरिलने त्यात भरडलेले जव टाकले, काळे भाजलेले जव टाकले, वर ओट्स. पाणी पडताच स्वयंपाकघरभर कॉफीसारखा वास सुटला.

"ही तर लापशी झाली," ती म्हणाली.

"लापशी तू आयुष्यभर करपवलीस. ही तरी नीट कर."

आजवर तो डब्यातल्या तयार पाकाची बिअर करत आला होता. दर हिवाळ्यात म्हणायचा, पुढच्या खेपेला धान्यापासून काळी स्टाउट बिअर करायची, ओट्स घालून, सगळं आपल्या हातानं. यंदा धान्य भरडून आणलं आणि त्याला जिना चढवेनासा झाला. पलंग खाली पुढच्या खोलीत आणला. धान्य शेडमध्ये तसंच पडलं होतं. काल तोच म्हणाला, "तू कर. मी सांगतो."

आइसबॉक्सवर जुनी गोधडी टाकून ती त्याच्या पायांशी जाऊन बसली. दोघांनी खिडकीतून हॅलिफॅक्सच्या टेकडीवरचं बर्फ बघितलं. वेळ झाल्यावर तिने तोटीला रबरी नळी लावली आणि तोटी उघडली. काळा रस थोडा आला, मग थेंब थेंब, मग तोही थांबला.

"डेरिक, येत नाही रे काही."

"ओट्सनी चिखल केला असेल. नळीतून फुंक."

"काय?"

"नळी तोंडात धर आणि फुंक."

तिने जीव खाऊन फुंकलं. आत कुठेतरी गुडगुडलं आणि काळा फवारा तिच्या एप्रनवर, चष्म्यावर, भिंतीवर उडाला. तिच्या तोंडून जी शिवी गेली, ती ऐकून पलीकडे डेरिक हसायला लागला. हसता हसता खोकला लागला आणि खोकला थांबेना. बेरिल दाराशी येऊन उभी राहिली. आत गेलेलं त्याला आवडलं नसतं. खोकला ओसरल्यावर त्याचा बारीक आवाज आला, "वाहतंय का?"

"वाहतंय."

तिने कपात थोडा कोमट रस धरला आणि त्याच्या ओठांना लावला. त्याने तो बराच वेळ तोंडात घोळवला. गिळायला त्रास झाला, पण गिळला.

"गोड आहे," तो म्हणाला. "असाच पाहिजे."

रस उकळला, त्यात हॉप्सची कडू फुलं पडली, खिडक्यांच्या काचा वाफेने भरल्या. पातेलं थंड पाण्याच्या टबात ठेवून बेरिलने हात पुसले आणि त्याच्या उशाशी खुर्ची ओढली. सकाळी नर्स जाताना फाटकापाशी थांबली होती. पुढच्या महिन्याचं काही ठरवू नका, असं हळू आवाजात म्हणाली होती. बेरिलने ते पोटातच ठेवलं होतं.

"रात्री गार झालं की यीस्ट घालते," ती म्हणाली. "मग बाटल्या. ईस्टरला उघडू आपण."

"ईस्टरपर्यंत मुरेल छान."

"मोठ्या बाटल्या धुऊन ठेवल्यात मी."

डेरिकने डोळे मिटले होते. झोपला असं तिला वाटलं. तिने पांघरूण वर ओढलं तेव्हा त्याने तिचं मनगट धरलं.

"छोट्यांत भर. शेडमध्ये खालच्या फळीवर आहेत."

"का रे? मोठ्या बऱ्या पडतात की."

"मोठी एकटीला संपायची नाही तुला," तो म्हणाला. "उरलेली पचपचीत होते."